पोटफुगीचं पान

मंगळवेढ्याकडच्या बिरप्पाला मेंढरांच्या दुखण्यातलं लई कळायचं. पाय निकामी झाले तसा कळप पुतण्याच्या, ज्ञानबाच्या, हवाली करून तो सोलापुरात मुलाच्या खोलीवर येऊन राहिला. मुलगा सिद्धनाथ कापडगिरणीत मागावर कामाला होता, चौथीपर्यंत शिकलेला. आपल्याला हल्ली आठवत नाही, हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं होतं. झाडपाल्याची औषधं रोज एक पान लिहून घे, एवढंच त्याने मुलाला सांगितलं.

सिद्धनाथने हौसेने वही आणली. आठवडाभर नेमाने लिहिलंही. पण दहा तास मागापुढं उभं राहून आलं की पोटऱ्या भरून यायच्या, कानातली खडखड थांबायची नाही. म्हातारा आठवून आठवून सांगायचा आणि इकडे याची मान खाली जायची. मग तो नुसतीच अक्षरं गिरवून पान भरू लागला. बिरप्पाला वाचता येत नव्हतं. भरलेलं पान पाहून तो समाधानाने आडवा व्हायचा. उद्यापासून नीट लिहू, असं सिद्धनाथ रोज मनाशी म्हणायचा.

श्रावणात ज्ञानबा आला. मेंढरांची पोटं फुगून चार दगावली होती.

"सिदू, पोटफुगीचं परवा सांगितलंय बग," म्हातारा म्हणाला. "वाच की. मला आता निम्मंच आठवतंय."

सिद्धनाथने पान काढलं. त्यावर ओळीने नुसते 'ग' आणि 'म' होते.

"आप्पा, हितं काय न्हाय. मी उगंच गिरवलंय."

बिरप्पा रागावला नाही. आठवलं तेवढं त्याने ज्ञानबाला सांगितलं. ज्ञानबा न जेवताच निघाला.

दुसऱ्या दिवशी सिद्धनाथ कामावरून आला आणि हातपाय न धुताच वही घेऊन बसला. म्हातारा म्हणाला, "पान नगं. दोनच वळी लिव्ह, पर खऱ्या."

दोन ओळी लिहून त्याने वाचून दाखवल्या. म्हाताऱ्याने एक शब्द चुकला म्हणून सांगितलं. तो खोडून पुन्हा लिहिला.

दिवाळीपर्यंत बावीस औषधं झाली. काही म्हाताऱ्याला आठवलीच नाहीत. कधी सिद्धनाथला पेन्सिलही उचलवत नसे. तेव्हा तो सरळ सांगायचा, "आज व्हत न्हाय, आप्पा." म्हातारा 'बरं' म्हणून कुशीवर वळायचा.