लोवेलचं बिअरचं पॅनेल

कोरलीने फोनवर आधी बर्फाची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्याची, आणि मग अगदी सहज विचारलं, "आर्डिस, स्टीलच्या पिंपाला हात लावला की मुंग्या येणं चांगलं नसतं ना?"

"कुठल्या पिंपाला?"

"लोवेलच्या बिअरच्या. कपडे धुवायला तळघरात गेले होते. तो म्हणतो, लोकरी मोज्यांमुळे होतं तसं."

मी बुटाच्या नाड्याही बांधल्या नाहीत. तशीच गाडीत बसले.

लोवेल माझा धाकटा भाऊ, कोरली त्याची बायको. काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवून तो निवृत्त झाला. माझं आयुष्य वायरिंगमध्ये गेलं. चीजचे कारखाने, गोठे, चर्च, काही सोडलं नाही. गावात कुणाचा दिवा लुकलुकला तरी फोन मला येतो. लोवेलचा येत नाही. तो घरीच बिअर बनवतो. आधी गॅरेजमध्ये गॅसवर उकळायचा. थंडीत पिंप तापेना, म्हणून यंदा तळघरात विजेवर करायचं ठरवलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, पॅनेल मी करून देते. तो नुसतं "बघू" म्हणाला होता.

तळघराच्या जिन्यावरच त्याने मला अडवलं. "तुला कुणी बोलावलं?"

"तुझ्या बायकोच्या मुंग्यांनी. बाजूला हो."

भिंतीवर त्याचं पॅनेल होतं. लोखंडी पेटी, तापमानाचे लाल आकडे, बटणं, वर रंगाने काढलेली अक्षरं. दिसायला झकास. मी आधी घराच्या मेन बोर्डाचं झाकण काढलं.

"गळतीचा ब्रेकर कुठाय?" करंट भलतीकडे जायला लागला की क्षणात वीज तोडणारा तो ब्रेकर; ओल्या जागेत त्याच्याशिवाय काम करायचंच नसतं.

"काढला. चालू केलं की पडायचा. पीस खराब होता."

"खराब? अरे, तो बोंबलून सांगत होता तुला!"

"सांगत असेल. पण मला पाणी तापवायचं होतं."

मी मेन बंद केला, मीटर लावून खात्री केली आणि त्याची पेटी उघडली. आत कपडे वाळवायच्या जुन्या मशीनची केबल होती. तीनच तारा. दोन फेजच्या. तिसरी त्याने न्यूट्रल म्हणूनही वापरली होती आणि अर्थिंग म्हणूनही, आणि ती पेटीच्या पत्र्याला आवळली होती. आवळली म्हणजे काय, बोट लावल्यावर स्क्रू हलत होता.

"हे बघ," मी म्हटलं. "परत जायचा करंट तू अर्थिंगमधून पाठवलास. ब्रेकर पडणारच. आता ही एक तार सुटली, की पेटी, पिंप, सगळ्यात वीज उतरते. कोरली ओल्या फरशीवर उभी होती, लोवेल. लोकरीचे मोजे! जरा तरी लाज वाटू दे."

त्याचा चेहरा पडला. तो पिंपाकडे बघत राहिला, मग वर स्वयंपाकघराकडे, जिथे कोरलीची पावलं वाजत होती. मला वाटलं आता माफी मागेल. पण तो म्हणाला, "'मला का नाही विचारलंस', असं म्हणशील ना? विचारलं असतं तर तू येऊन सगळं करून गेली असतीस. माझ्या घराचं छप्पर तू केलंस, पायऱ्या तू केल्यास. एक गोष्ट तरी माझी असू दे ना घरात."

"मग त्यासाठी बायकोला शॉक द्यायचा?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "ते चुकलंच."

माझं डोकं अजून तापलेलंच होतं. पण हातातली पक्कड मी त्याच्यापुढे धरली. "कर मग. तूच कर. मी बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चार तारांची केबल आणली, आणि गळतीचा नवा ब्रेकर. मी उलट्या बादलीवर बसले. आयुष्यात एवढं जड काम मी केलेलं नाही. तो तार वाजवीपेक्षा लांब सोलायचा, मी ओठ चावायची. तो स्क्रू उलटा फिरवायचा, मी छताकडे बघायची.

"न्यूट्रल कुठे?" मी विचारायची.

"त्याच्या वेगळ्या पट्टीवर. पत्र्यापासून लांब."

"आणि अर्थिंग?"

"पेटीला, पिंपाला. न्यूट्रलला कुठेच नाही. ऐकलंय मी, आर्डिस!"

"मग तो स्क्रू अजून आवळ."

"आवळला."

"अजून."

कोरली वरून सँडविच घेऊन आली आणि पिंपापासून चार हात लांब थांबली. लोवेलने ते पाहिलं. त्याने सगळे स्क्रू पहिल्यापासून पुन्हा आवळले.

मीटरने प्रत्येक जोड मी स्वतः तपासला. तेवढं मी सोडणार नव्हते. मग मेन चालू केला. त्याने ब्रेकरचं चाचणीचं बटण दाबलं, खट्कन वीज गेली. परत चालू केला. आकडे उजळले, पिंपात सूं सूं सुरू झालं. ब्रेकर पडला नाही. लोवेलने आधी स्वतःचा तळवा पिंपाला टेकवला, बराच वेळ. मग कोरलीला म्हणाला, "ये. आता काही नाही होणार."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा तिने बोट लावलं.

"कसं झालंय?" लोवेलने मला विचारलं.

आतल्या तारा कोंबडीने उकरलेल्या गवतासारख्या दिसत होत्या. एकही वळण सरळ नव्हतं. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं, तर सगळं उपसून पुन्हा करायला लावलं असतं.

"सुरक्षित आहे," मी म्हटलं, आणि झाकण लावून टाकलं.