चौथ्या कणासाठी

मी एक विकर बोलतोय. विकर म्हणजे शरीरातला कामकरी. डोळ्यांना न दिसणारा आणि कधी सुट्टी न घेणारा. शास्त्रज्ञांनी माझं नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज असं ठेवलंय. ज्यांच्या हृदयात मी राहतो, त्या मीनाक्षीबाईंना मात्र मी आहे हेसुद्धा ठाऊक नाही. माझ्यापाशी वेळ थोडा आहे, तेव्हा भराभर सांगतो.

माझा जन्म नऊ दिवसांपूर्वीचा, १९५३ सालच्या माघातला, कुंभकोणम्‌चा. आमची जात फार जगत नाही. पंधरा-वीस दिवस मिळाले म्हणजे डोक्यावरून पाणी.

काम एकच. मीनाक्षीबाई श्वास घेतात, तो प्राणवायू फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येतो. माझ्यात एक लोखंडाचा कण आहे आणि त्याच्यासमोर एक तांब्याचा. दोघांच्या मध्ये मी प्राणवायूची जोडी पकडतो. खाल्लेल्या अन्नातून इलेक्ट्रॉन नावाचे कण निघतात, ते एकेक करून तिला देतो. चार दिले की तिचं पाणी होतं, आणि त्या खटपटीतून हृदयाला ठोका मारायचं बळ मिळतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण मधल्या अवस्था विचारू नका! प्राणवायूची जोडी तुटते, एक तुकडा माझ्या लोखंडाला चिकटतो, आणि तो असा पेटलेला असतो की लागेल त्याला जाळेल. त्याला अर्धवट सोडायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. तिसरा कण येतो, मग चौथा येतो, तोवर दातओठ खात त्याला धरून राहायचं. माणसं अर्धी कामं टाकून गप्पा मारायला ओट्यावर जाऊन बसतात, त्याचं मला नेहमी नवल वाटायचं.

मीनाक्षीबाई साठीच्या, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातल्या. विठ्ठलाची भक्ती मोठी आणि सोवळं त्याहून मोठं. घरात मुलगा व्यंकोजी, शाळेत मास्तर, आणि सून पंकजा. रागावल्या की बाईंचं हृदय धडधडायचं आणि आमची तारांबळ उडायची. पण पंकजाला ताप आला, तेव्हा रात्रभर तिच्या उशाशी याच बसून होत्या. तेव्हाही तसंच धडधडत होतं.

काल दशमीला अलमेलू दारात आली. ती टोपलीतून किळंगू विकते, म्हणजे ज्यांचा साबुदाणा करतात ते जमिनीखालचे कंद. वादळात गोड जातीचा मळा वाहून गेला होता, म्हणून तिनं कडू जातीचा आणला होता. तिनं पंकजाला तमिळमध्ये बजावून सांगितलं, की सोलून, कापून रात्रभर पाण्यात ठेव, झाकण न ठेवता उकड, आणि पाणी दोनदा फेकून दे.

पंकजानं लगेच येऊन सांगितलं. छातीच्या पिंजऱ्यात सगळं घुमतं, म्हणून मीही ऐकलं.

"आत्याबाई, किळंगू कडू आहे म्हणते ती. आताच पाण्यात टाकू?"

"पारोशा पाण्यातला जिन्नस देवापुढे ठेवशील? उद्या अंघोळ करून मीच किसते. रताळ्याचा कीस करतो की नाही आपण? तसाच."

"पण पाणी दोनदा टाकायचं म्हणते..."

"ती आता मज सोवळं शिकवणार का?"

पंकजानं कंद तसेच कोपऱ्यात ठेवले. मलाही धोका कळला नाही, कारण किळंगूत काय असतं हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

आज एकादशी. बाईंनी सोवळ्यात किळंगू किसला, तुपात जिऱ्या-मिरचीवर टाकला आणि घट्ट झाकण ठेवून दोन वाफा आणल्या. कडू किळंगू किसला की त्यातून विष सुटतं. उघड्यावर उकळत ठेवला असता तर ते उडून गेलं असतं. झाकणाखाली ते कोंडलं गेलं. नैवेद्य झाला, बाई जेवायला बसल्या. सासूचं झाल्याशिवाय सुनेनं बसायचं नाही, ही त्या घरची रीत, म्हणून पंकजाचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं.

"पंकजे, डोकं गरगरतंय गं," बाई उठता उठता म्हणाल्या, आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

तेवढ्यात तो माझ्यापर्यंत पोचला होता. सायनाइड. आला आणि सरळ माझ्या लोखंडावर ठाण मांडून बसला. समोरून प्राणवायू येत होता, भरपूर येत होता, आणि मला त्याला हात लावता येत नव्हता. वाढलेल्या ताटापुढे हात बांधून बसवावं, तशी माझी गत झाली. शेजारपाजारच्या सगळ्या विकरांची तीच दशा. बाई जिवाच्या आकांतानं श्वास ओढत होत्या, आणि आम्ही तो आल्या पावली परत पाठवत होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेजाऱ्यांनी शाळेतून व्यंकोजीला आणलं. पाठोपाठ डॉक्टर सुंदरेश आले. एवढी धाप लागूनही बाईंचे ओठ निळे न पडता लालभडक आहेत हे पाहून त्यांनी विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

"किळंगू," पंकजा म्हणाली.

"कोण आणला?" व्यंकोजी ओरडला.

"मी."

त्याची नजर झाकलेल्या ताटाकडे गेली. "आणि तू नाही खाल्लास? का नाही खाल्लास?"

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सासू तडफडत असताना चारचौघांत तिच्यावर ठपका ठेवायला पंकजाची जीभ उचलेना.

"बाहेर हो! तुज आणि त्या अलमेलूस, दोघींस पोलिसांपुढे उभी करतो!"

ती उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

बाईंना सगळं ऐकू येत होतं. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना, एकच, आणि तेवढंही बळ आम्ही देऊ शकत नव्हतो. मी त्या सायनाइडच्या हातापाया पडलो. तो हलेना.

डॉक्टरांच्या पेटीत हृदयविकाराच्या रोग्यांसाठी ठेवलेल्या औषधाच्या दोनच काचेच्या कुप्या होत्या. एक फोडून त्यांनी फडक्यात धरली आणि बाईंच्या नाकाशी नेली. ते औषध रक्तातल्या थोड्या लोखंडाचं रूप पालटतं, आणि सायनाइड आम्हाला सोडून तिकडे धावतो. पहिल्या कुपीनं माझे काही शेजारी सुटले. दुसऱ्या कुपीनं मी सुटलो.

मग मी मागे-पुढे पाहिलं नाही. जोडी पकडली, तोडली, पेटता तुकडा धरला, तिसरा कण, चौथा कण, पाणी! पुन्हा पकडली. पुन्हा. आम्ही मूठभरच होतो, पण जिवावर उदार होऊन राबलो. बाईंनी मुलाचं मनगट धरलं.

"व्यंकोजी... ती सांगितली होती रे. मीच ऐकिलं नाही. तिज बोलू नको."

एवढंच. पोटातलं विष अजून रक्तात येतच होतं आणि तिसरी कुपी नव्हती. हृदय एकदा आकसलं, मग थरथरलं, मग थांबलं.

आता माझ्यापाशी एक पेटता तुकडा आहे. तिसरा कण मिळाला, चौथा येत नाही. कण ज्या वाटांनी यायचे, त्या एकेक करून बंद झाल्या. तुकडा मलाच जाळतोय, आणि नियम मोडायचा नाही म्हणून मी त्याला धरून आहे. किती वेळ धरेन, सांगता येत नाही.

डॉक्टरांनी नाडीवरचा हात काढला. व्यंकोजी आईचा हात धरून अजून तसाच बसलाय.

अरे, ऐकलंस ना? त्या वाक्यापायी तुझी आई शेवटचा श्वास खर्चून गेली. मग ऊठ. ती पोर अजून उंबऱ्याबाहेर उभी आहे. तिला आत घे. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा नाही.