सुटलेलं मुंडासं

तिप्पम्माने पुढच्या पोराच्या लाल मुंडाशाचं लोंबतं टोक धरलं आणि मागून खोचून टाकलं.

"अरे, पायात येऊन पडशील."

पोरगा गर्रकन वळला.

"अज्जी, टोक सुटलेलंच पाहिजे! अण्णाची स्टाइल आहे ती." त्याने ते पुन्हा मोकळं सोडलं.

टॉकीजसमोर सिनेमाच्या हिरोचा, अण्णाचा, माडीएवढा कटआउट उभा होता. दोघंजण शिडीवर चढून त्याच्या डोक्यावर दुधाच्या कळशा ओतत होते. तीस वर्षांनी सिनेमा पुन्हा लागला आणि सकाळच्या खेळालाच अख्खं चित्रदुर्ग लोटलं. जे तेव्हा जन्मलेही नव्हते, तेच जास्त घसा फोडत होते. इथले नवरदेवसुद्धा वरातीत असंच टोक सोडून घोड्यावर बसायचे. हे खूळ आलं कुठून, हे तिप्पम्माने कधी विचारलं नाही आणि तिच्यासमोर त्या सिनेमाचं नाव कुणी काढत नसे.

त्या सिनेमात अण्णाच्या बदली किल्ल्याच्या बुरुजावरून उडी मारणारा बोरय्या तिचा नवरा. त्या दिवशी मुंडासं तिनेच बांधलं होतं. दिवस भरत आलेले, हातात जोर नाही, गाठ सैल राहिली. पहिली उडी झकास झाली, पण मुंडासं सुटलं. "वन्स मोअर," डायरेक्टर ओरडला. मुंडासं घट्ट आवळून मारलेल्या दुसऱ्या उडीला बोरय्याचा पाय चुकला, तो खालीच गेला.

गाव ज्या उडीवर शिट्ट्या मारतं ती त्याच्या मरणाची, असंच ती इतकी वर्षं धरून बसली होती. आणि गाठ आपल्या हातची, हेही.

"नको वनजा. घरी जाऊ."

"अव्वा, माझ्याजवळ अप्पाचा एवढासा फोटो आहे, बस," लेक म्हणाली. "तो चालायचा कसा, मला बघायचंय. पण अण्णा कुठला आणि अप्पा कुठला, मला काय कळणार? तेवढं दाखव. मग मीट डोळे."

आत बुरूज दिसला तशी तिप्पम्माने डोळे आधीच मिटले. तोंडात पदराचा बोळा कोंबला. आता आरडाओरडा होईल म्हणून ती थांबली, पण सगळी टॉकीज गप्प झाली होती. न राहवून तिने डोळे उघडले.

दोन बुरुजांच्या मधोमध, अधांतरी, तिचा नवरा होता. पाठमोरा. मुंडाशाचं टोक सुटून मागे हातभर उडत होतं.

म्हणजे ही पहिली.

बोरय्या पलीकडे दोन्ही पायांवर उतरला. एक हात दगडाला टेकवून उठला आणि उजवा खांदा किंचित पाडून चालत निघाला. टॉकीज फुटली. नाणी उडाली, पडद्यापुढे कापूर पेटला, खुर्च्यांवर उभं राहून लोक हात जोडत होते.

"तोच," तिप्पम्मा म्हणाली. "चालतोय बघ. तुझा अप्पा."

वनजा तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तिप्पम्मा आजूबाजूला बघत राहिली. जिकडेतिकडे लाल मुंडाशी, सगळ्यांची टोकं सुटलेली. तिच्या हातची सैल गाठ अख्ख्या गावाने डोक्यावर घेतली होती.

"वन्स मोअर! वन्स मोअर!"

डायरेक्टरचे तेच शब्द ऐकून ती ताडकन उभी राहिली. ऑपरेटरने सीन मागे नेला. बोरय्याने पुन्हा उडी मारली. पुन्हा नीट उतरला, पुन्हा उठला, आपल्या पायांनी चालत गेला.

लोकांचं समाधान झालं. पुढची गोष्ट बघायला सगळे खाली बसले. तिप्पम्मा तेवढी उभीच होती. तिने पदर कमरेला खोचला.

"वन्स मोअर!"

मघाचा पोरगा मागे वळून आ वासून बघायला लागला.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "ओरड की तूही!"