ट्रायलची फाईल

“दादा, थांब! बटणाला हात लावू नकोस!”

भिंगरी दारातूनच ओरडली. कॉलेजच्या मल्टिमीडिया स्टुडिओत ओरडायची पद्धत नव्हती. हेडफोन लावून बसलेली डोकीसुद्धा वळली. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपुढे दाढी बसला होता. शेवटच्या वर्षाचा हा मुलगा. त्याचे खरे नाव फक्त हजेरी घेणाऱ्यांना ठाऊक. त्याचे बोट मशीनच्या बटणावर टेकले होते. दाबायचे तेवढे बाकी होते.

“का? काय झालं?”

“त्यात माझी आत्या आहे!”

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. दाढी हसला नाही. धापा टाकणाऱ्या त्या मुलीचा चेहरा पाहून त्याने बोट उचलले, पण फार दूर नेले नाही.

या स्टुडिओचा एक नियम होता. मशीन बंद करून पुन्हा चालू केले की ते अगदी कोरे होऊन उठायचे. कोणी काय ठेवले, काय विसरले, सगळे साफ. नाहीतर वर्षभरात शंभर जणांचा पसारा साचून मशीनला श्वास घेता येणार नाही, असे स्टुडिओ सांभाळणारे काका म्हणत. ज्याने त्याने आपले काम आपल्याबरोबर घरी न्यावे, ही शिस्त. भिंगरीने ती पाळली होती. पेन ड्राइव्हवर प्रोजेक्ट कॉपी करून नेला होता. चूक झाली ती तिथेच.

तिची आत्या बालवाडीत शिकवायची. घशाचे दुखणे निघाले. ऑपरेशनने जीव वाचेल, आवाज बहुधा राहणार नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले. तेव्हा भिंगरीला कल्पना सुचली: बोलणारे गोष्टींचे पुस्तक करायचे. पडद्यावरच्या चित्राला बोट लावले की आत्या गोष्ट सांगणार. भिंगरीचा कॉलेजचा प्रोजेक्ट होईल आणि बालवाडीतल्या मुलांकडे त्यांच्या बाई राहतील. काल दुपारी आत्या स्टुडिओतल्या आवाजाच्या खोलीत बसली आणि तिने सात गोष्टी सांगितल्या. आज सकाळी ऑपरेशन झाले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “काळजीचं कारण नाही. आवाजाचं मात्र आम्ही बोललो होतोच.”

भिंगरीचे बाबा बाकावर मान खाली घालून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, “लाव गं जरा तिचं काहीतरी.”

भिंगरीने लॅपटॉप उघडला. प्रोजेक्ट उघडला, पण आवाजाची प्रत्येक पट्टी लाल. प्रत्येकीवर एकच वाक्य: फाईल सापडत नाही. दवाखान्यापासून कॉलेजपर्यंत ती पळतच आली होती.

आरडाओरडा ऐकून काका आतल्या खोलीतून आले. त्यांनी आधी तिला खुर्चीवर बसवले, मग विचारले, “पेन ड्राइव्हवर कॉपी व्हायला किती वेळ लागला होता?”

“लगेच झाली.”

काकांनी डोळे मिटले. “सात गोष्टी, आणि लगेच? अगं, तू स्वयंपाकाची कृती घेऊन गेलीस, धान्य इथंच राहिलं. कुठला आवाज कुठं कापायचा, कुठं जोडायचा, एवढंच त्या फाईलमध्ये असतं. खरे आवाज या मशीनच्या पोटात.”

“म्हणजे आहेत ना अजून?”

“रेकॉर्डरच्या कार्डावरही असतील की,” काका म्हणाले.

“कार्ड मी रिकामं करून परत दिलं. तुमचाच नियम.”

काकांनी खिडकीजवळच्या मशीनकडे पाहिले. नियम त्यांचाच होता.

रोज संध्याकाळी सगळी मशीन बंद होत. हे एकच कालपासून चालू राहिले होते, कारण दाढीची कार्टून फिल्म त्यावर रात्रभर तयार होत होती. त्याची चित्रे त्याच्या स्वतःच्या डिस्कवर होती, मशीन नुसते त्यांची फिल्म करत होते. आणि आता शेवटच्या टप्प्यावर ते गोठले होते. बाण हलत नव्हता, पडद्यावरचा ससा एक पाय हवेत धरून उभा होता.

“पाचच्या आत जमा करायचीय,” दाढी म्हणाला. “पाचनंतर मॅडम सख्ख्या भावाचंही घेत नाहीत. बंद करून चालू केलं तर शेवटचा तुकडा पुन्हा करता येईल. पण आत्ता केलं तरच.” मग भिंगरीकडे न बघता म्हणाला, “माझं वर्ष आहे गं हे.”

“मी कुठं नाही म्हणतेय?” तिच्या डोळ्यांत पाणी आले. “पण ती आता बोलू शकत नाही.”

काका आपल्या टेबलाकडे गेले. “पडदा गोठला म्हणजे पोट बंद पडलंच असं नाही. माझ्या मशीनवरून आत शिरता येतंय का बघतो. दाढी, तोवर हात लावू नकोस.”

“मी हातांवर बसतो,” दाढी म्हणाला. “नाहीतर सवयीनं दाबून टाकीन.” आणि खरेच दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसला.

काकांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा दार उघडले नाही. तिसऱ्यांदा बराच वेळ पांढरा चौकोन दिसत राहिला आणि मग फायलींची नावे उतरली.

“आहेत! सातही आहेत. आणि ही आठवी कसली? ट्रायल? सगळ्यांत लठ्ठ हीच दिसतेय.”

“ती नुसती चाचणी. मी रेकॉर्डर बंद करायला विसरले होते, गप्पा आहेत सगळ्या.”

“मग ती राहू दे. मशीन दमलंय, फार हळू देणार आहे. गोष्टी आधी घेऊ.”

भिंगरीने मान डोलावली. काकांनी पहिल्या गोष्टीवर बाण नेला. तेवढ्यात ती म्हणाली, “काका, ट्रायल आधी घ्या.”

“अगं वेडे, मार्क गोष्टींना आहेत!” दाढी ओरडला.

“आणि ही एकटीच निम्मा वेळ खाईल,” काका म्हणाले. “नीट विचार कर. सगळं मिळेलच असं मी सांगू शकत नाही.”

“गोष्टीतला आवाज बालवाडीतला आहे. गोड, सावकाश, एकेक शब्द वेगळा.” ती बोटे चोळत होती. “घरी ती अशी बोलतच नाही. घरी ती ओरडते, बाबांना ढब्ब्या म्हणते. ते फक्त ट्रायलमध्ये आहे.”

काकांनी तिच्याकडे एकवार पाहिले आणि ट्रायल उचलली.

हिरवी रेघ सरकू लागली. सरकायची कसली, रांगायची. मध्येच थांबायची, मग खोलीतले सगळेच थांबायचे. दाढीचा फोन थरथरला. त्याने हात काढला नाही, फोन टेबलावर गोल फिरत राहिला. इतर मुले आपापले काम सोडून मागे येऊन उभी राहिली होती. अर्ध्यावर रेघ इतका वेळ अडकली, की काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग ती एकदम पुढे गेली आणि भरली.

“एक झाली,” काका म्हणाले. “आता गोष्टी.”

पहिली आली. दुसरी आली. तिसरीला मशीनने जी धाप टाकली, ती पंख्याच्या आवाजात सगळ्यांना ऐकू आली. चौथी भरत असताना भिंगरीचे लक्ष दाढीकडे गेले. तो रेघेकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. ओठ कोरडे पडले होते.

चौथी भरली.

“दादा, आत्ता बंद केलंस तर तुझं होईल?”

“होईल. बहुतेक.”

“आणि अजून एक गोष्ट घेतली तर?”

दाढीने घड्याळावरून नजर काढली. “घे की. एका गोष्टीनं काय होतंय?”

पण ते त्याने इतक्या बारीक आवाजात म्हटले, की त्याचे उत्तर त्यातच होते. भिंगरी उठली, चालत खिडकीपाशी गेली आणि स्वतःच बटण दाबून धरले. सशाचा पाय हवेतच विझला.

“अगं!” काका ताडकन उठले. “आधी वाजतायत का ते बघायला नको? कॉपी झाली म्हणजे वाजेलच असं नसतं!”

भिंगरीचा हात बटणावरच राहिला. पडदा काळा झाला होता. आता मागे जाण्यासारखे काही नव्हते. दाढी मांड्यांखालून हात काढायचे विसरला होता.

“दाढी, तू तुझं काम कर,” काका म्हणाले. “तुझ्यासाठी दाबलंय तिनं.”

मशीन कोरे होऊन उठले आणि दाढीची बोटे पळू लागली. काकांनी आपल्या टेबलावर ट्रायल लावली. स्पीकरमधून नुसती सरसर. कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज. पुन्हा सरसर. भिंगरीने टेबलाची कड घट्ट धरली.

“केस विंचरलेस का आज?” आत्या म्हणाली. खोलीभर, खणखणीत. “का तशीच आलीस झिपरी? आणि तुझा बाप कुठाय? ए ढब्ब्या, आत ये की, बाहेर काय उभा राहिलायस चोरासारखा!”

मागची मुले हसली. भिंगरी खाली फरशीवर बसली आणि तोंडावर दोन्ही हात धरून रडली. दाढीने मान वळवली नाही, पण कीबोर्ड बडवताना तोही नाक ओढत होता. पाचला मॅडम दार लावत असताना त्याने चपलेसकट पाय फटीत घातला आणि फिल्म जमा केली, असे नंतर समजले.

आठवड्याने आत्याला उठून बसता येऊ लागले. गळ्याला पट्टी होती. बाबांनी तिच्या कानाशी फोन धरून ट्रायल लावली. ‘ढब्ब्या’ ऐकू आल्यावर तिने भावाच्या पाठीत चापट मारली आणि दोघे बराच वेळ एकमेकांकडे बघायचे टाळत राहिले. मग तिने भिंगरीला बोटांनी विचारले: सात?

भिंगरीने चार बोटे दाखवली आणि काय घडले ते सगळे सांगितले, काही न लपवता.

आत्याच्या कपाळाला आठी पडली. तिने फोन ओढून घेतला आणि भराभर टाइप करून पडदा भाचीपुढे धरला: “बावळट! आधी ट्रायल कशाला घेतलीस? गोष्टी मुलांच्या होत्या.”

“आणि ट्रायल आमची,” भिंगरी म्हणाली.

आत्याने फोन परत घेतला. राग गेला नव्हता. थांबून थांबून तिने लिहिले: “मग उरलेल्या तीन तू सांग.”

“मला तुझ्यासारखं नाही येत, आत्या.”

“माहीत आहे. म्हणून तर बसलेय. सुरू कर.”

भिंगरीने घसा साफ केला. “एका डोंगरावर एक म्हातारी...”

आत्याचा तळवा वर आला. थांब. घाई.

“एका डोंगरावर...”

पुन्हा तळवा. आत्याने आपल्या छातीवर हात ठेवून एक श्वास सावकाश घेऊन दाखवला. पट्टीखाली दुखले असावे, कारण तिने डोळे मिटले. पण श्वास पुरा केला.

भिंगरीने तसाच श्वास घेतला. तिसऱ्यांदा तिने वाक्य सुरू केले, तेव्हा हात वर आला नाही. आत्याने डोळे न उघडता नुसती बोटे हलवली: पुढे.