कर्नलसाहेबांना दिलेलं मत

आमच्या पिजन फोर्कला राज्याचा गव्हर्नर आणि तालुक्याचा जेलर एकाच दिवशी निवडायचे होते, आणि त्यातल्या गव्हर्नरचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. एका बाजूने जनरल हॅडली उभे होते, दुसऱ्या बाजूने जज ब्रीडिंग. दोघांनीही केंटकीचं भलं करायचा विडा उचलला होता आणि दोघांपैकी एकानेही आमचा मोडका पूल पाहिलेला नव्हता. त्यांच्यामागे नायब गव्हर्नर, खजिनदार, हिशेबतपासनीस, शाळाखात्याचे साहेब अशी लांबलचक वरात होती. इतकी नावं मतदारांच्या लक्षात राहत नसत, म्हणून पक्षाचा माणूस कानाशी उभा राहून, पाद्री नवरदेवाकडून वदवून घेतो तशी ती वदवून घ्यायचा. जेलर मात्र आपला माणूस. आज ना उद्या त्याच्याकडे मुक्कामाला जायची वेळ कोणावरही येते.

मतदान सगळं तोंडी. कचेरीच्या ओसरीवर शेरीफ आणि कारकून टेबल मांडून बसायचे, शेजारी खुर्च्यांवर उमेदवार. मतदार पायरी चढून चारचौघांत आपलं मत सांगायचा, आणि ज्याला मत मिळालं तो उमेदवार उठून, कमरेत वाकून त्याचे आभार मानायचा. बायकांना तिकडे मज्जाव होता. पण जेल कचेरीच्या अगदी समोर आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी ओसरीकडे, त्यामुळे घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता मला सगळी निवडणूक ऐकू यायची.

जुना जेलर वारला तेव्हा कोर्टाने त्या जागी माझ्या नवऱ्याला नेमलं. लिअँडर पर्सेल दिसायला देखणे, बोलायला गोड आणि कामाला शून्य. घरांवर वीज पडू नये म्हणून बसवायचे गज त्यांनी विकून पाहिले, वळणदार अक्षराची शाळा काढून पाहिली, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्यांच्या बहिणीच्या, ड्रुसिलावन्संच्या, मागच्या खोलीत येऊन पडलो. जेलरच्या नोकरीबरोबर जेलच्याच भिंतीला लागून दगडी घर मिळालं. स्वयंपाकघरातच हातपंप होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी कोणाला न विचारता चूल पेटवत होते. कैद्यांचं रांधणं, धुणं, किल्ल्या, आजारी कैद्याला काढा, सगळं मी करायची. लिअँडर संध्याकाळी कोठड्यांसमोरून एक चक्कर मारून सगळ्यांना शुभ रात्री म्हणायचे. आता उरलेल्या दोन वर्षांच्या मुदतीसाठी लोकांनी जेलर निवडायचा होता, आणि समोर उभे होते कर्नल बर्जेस टॅल्बट. ते कुठल्या पलटणीत कर्नल होते हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

मतदानाच्या सकाळी कॉफी ओतता ओतता मी म्हटलं, "अहो, एवढं एक करा. स्वतःलाच मत द्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "अर्मिंडा, भल्या घरचा माणूस स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतो का कधी? मी कर्नलना मत देणार, कर्नल मला देणार. माझ्या वडिलांच्या काळापासून हे असंच चालत आलंय. फिट्टंफाट."

"आणि नाही दिलं त्यांनी तर?"

"ते सभ्य गृहस्थ आहेत."

"मग निदान आधी त्यांना देऊ द्या. तुम्ही मागून जा."

"आधी मत देण्यातच तर खरा मान आहे," ते म्हणाले आणि गळ्याचा रुमाल पुन्हा एकदा बांधायला आरशासमोर गेले. इथे माझ्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आली होती, आणि ह्यांचा जीव रुमालाच्या गाठीत अडकलेला.

पहिलं मत त्यांनीच दिलं. गव्हर्नर, नायब गव्हर्नर आणि बाकीची वरात भराभर उरकली आणि जेलरच्या नावाशी येऊन थांबले. मग खड्या आवाजात म्हणाले, "हे जेल सांभाळायला या तालुक्यात कर्नल बर्जेस टॅल्बट यांच्याइतका लायक माणूस दुसरा नाही. माझं मत त्यांना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कर्नल उठून इतके वाकले की त्यांची टोपी पडली. त्यांनी लिअँडरना मिठी मारली, डोळे पुसले आणि पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांचं मत राहिलंच. ते म्हणे सावकाशीने देणार होते.

ऑगस्टचं ऊन चढलं. कर्नलच्या माणसांनी झाडाखाली व्हिस्कीचं पिंप फोडलं. आमच्याकडून खारीच्या मटणाच्या रश्श्याची मोठी कढई होती, आणि तीही मीच रात्रभर जागून ढवळली होती. रस्सा आमचा खायचा आणि व्हिस्की त्यांची प्यायची, असं बहुतेकांनी दोन्हीकडे सारखं प्रेम ठेवलं. मत मात्र एकालाच देता येत होतं, आणि कधी इकडचं पारडं जड, कधी तिकडचं.

दुपारी मी कोठडीचं कुलूप काढलं. आत होसिया क्रॅबट्री होता. मारामारीचा आरोप, खटला अजून उभा राहायचा होता, म्हणून मताचा हक्क शाबूत.

"बाई," तो म्हणाला, "त्यांची व्हिस्की पिऊन तुमच्या नवऱ्याला मत दिलं तर पाप लागेल का?"

"आधी मत दे. मग पी."

तो पायरी चढला. जेलरसाठी कोण, असं शेरीफने विचारताच म्हणाला, "पर्सेलबाई."

"बाईमाणसाला मत देता येत नाही, होसिया."

"मग बाईंच्या नवऱ्याला लिहा. रोजची मक्याची भाकरी बाईंची, पण शुभ रात्री ते म्हणतात, तेवढं तरी त्यांचं असेलच की."

सगळी ओसरी हसली. लिअँडरही हसले आणि वाकून आभार मानले. मला हसू आलं नाही, पण त्या माणसाला रात्री भाकरीबरोबर लोण्याचा गोळा द्यायचा हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

संध्याकाळी डोंगरापलीकडच्या केंद्रांवरून घोडेस्वार आकडे घेऊन आले. तिकडचे मतदार संपले होते, इकडचेही संपले होते. कारकुनाने बेरीज केली, पुन्हा केली. दोघांची मतं बरोबर सारखी. मत द्यायचं राहिलेला सगळ्या तालुक्यात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे खुद्द कर्नल.

माझे हात शेंगांवरच थांबले. चालत आलेली रीत पाळली तर एका मताने आम्ही जिंकत होतो. लिअँडर तर आभार मानायला अर्धे उठलेही होते.

कर्नल पायरीवर आले, टोपी छातीशी धरली. "मंडळी, आज सकाळी पर्सेलसाहेब तुम्हा सर्वांदेखत म्हणाले की जेल सांभाळायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही. पर्सेलसाहेब शब्दाचे पक्के आहेत, आणि जेल म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आता मी त्यांना मत दिलं, तर भरसभेत त्यांना खोटं पाडल्यासारखं होईल. एवढा अपमान माझ्या हातून होणार नाही. लिही रे बाबा, जेलरसाठी बर्जेस टॅल्बट."

आणि मत मिळालेल्या उमेदवाराने आभार मानायचे असतात म्हणून ते कमरेत वाकले. समोर कोणी नव्हतं, तरी वाकले.

मग लिअँडर पुढे झाले आणि त्यांनी कर्नलचा हात हातात घेतला. दिवसभरात झाल्या नसतील एवढ्या टाळ्या पडल्या. लोकांनी माझ्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन कचेरीभोवती मिरवलं. निवडून आलेला माणूस मागून पायी चालत होता. असा संताप मला जन्मात आला नव्हता, आणि तो नेमका कोणावर काढावा हेच कळत नव्हतं.

सकाळी मी भांडी पिंपात भरत होते तेव्हा कर्नल टोपी काढून दारात आले. लिअँडरनी त्यांना माझीच खुर्ची दिली.

"पर्सेलबाई," कर्नल म्हणाले, "आमच्या मंडळींना धूर सोसत नाही. कैद्यांचं रांधायला आपण रोज आलात तर मोठे उपकार होतील."

"अहो, उपकार कसले," लिअँडर म्हणाले. "तो तर आमचा बहुमान."

मी हात पुसले. "कर्नलसाहेब, माझा नवरा खोटं बोलत नाही हे तुम्हीच काल गावाला सांगितलंत. जेल सांभाळायला तुमच्याइतकं लायक कोणी नाही, असं तो म्हणाला. इथलं जेल सांभाळणं म्हणजे पहाटे उठून कणीक मळणं. पीठ त्या डब्यात आहे. मी मळून दिलं तर भरसभेत तुम्ही दोघंही खोटे पडाल."

आतून होसिया हसला. कर्नल डब्याकडे बघत राहिले, आणि आता कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गाडीत लिअँडर सारखे माझ्या उद्धटपणाबद्दल बोलत होते. परतून जाऊन माफी मागायला हवी, नाहीतर आपल्या घराण्याच्या नावाला बट्टा लागेल म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांना विधिमंडळावर पाठवायचं लोकांनी मनावर घेतलंय, हेही त्यांनी सांगितलं. मी घोड्याच्या कानांकडे बघत होते.

वन्संनी दार उघडलं. आधी भावाकडे पाहिलं, मग गाडीतल्या पिंपांकडे.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

लिअँडरनी टोपी काढली आणि सभ्यपणे वाकायला सुरुवात केली. ते आता "छे छे, दोनच दिवस" म्हणणार हे मला माहीत होतं.

"दोन वर्षं," मी म्हटलं आणि पहिलं पिंप उतरवलं.