बाळंतिणीचे लाडू

पहिलं बाळंतपण माहेरी उरकून ऋतुजा लातूरहून अर्धापूरला सासरी आली, तेव्हा तिच्या आईनं डबाभर जवस-तिळाचे लाडू दिले होते. अंगावर दूध यावं म्हणून. त्या लाडवांवर सासूचाच, शिवकांताचा, हात पडला.

शिवकांताची पाळी जाऊन वर्ष होत आलं होतं. अंगात अशी आग उठायची की पदर टाकून अंगणात पळावं. केळीच्या बागेत संगतीला असणारी पारूबाई म्हणाली होती, "जवस-तीळ खात जा बाई. मला तर लई उतार पडला." पण नवऱ्याला जवस आणायला सांगायचं म्हणजे कशाला तेही सांगायचं. त्यापेक्षा सुनेचा डबा जवळचा. कुणी नसताना ती एखादा लाडू तोंडात टाकी. थोडं बरं वाटे, का मनालाच तसं वाटे, कोण जाणे.

डबा तळाला गेला. सासरा रामकिशन जेवताना हसला, "सूनबाई, विहीणबाईनं आता टेंपोच भरून पाठवावा लागतो का?" ऋतुजानं मान खाली घातली. शिवकांता भाकरी थापत राहिली. मग ती थट्टा रोजचीच झाली.

एका सकाळी रामकिशननं लातूरला फोन लावला. "विहीणबाई, लाडू पाठवू नका आता. पोरगी लई खाऊन राहिली, पोट बिघडंल."

ऋतुजाचे डोळे भरले. शिवकांताचे कान तापले.

"लाडू मी खाल्ले," ती म्हणाली.

"तू? कशाला?"

"पाळी गेली माझी. अंगाची आग होती. जवसानं उतरती म्हणून."

फोन चालूच होता. पलीकडून विहीणबाईचं "हालो, हालो" ऐकू येत होतं. रामकिशननं फोन तसाच कोनाड्यात ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर गेला. ऋतुजानं फोन बंद केला.

"मागितले असते तर दिले असते, आत्याबाई."

"मागायची लाज वाटली ग."

"अन् मला बोलणी बसत होती तवा?"



संध्याकाळी शिवकांता दुकानात गेली. चार माणसं उभी असताना तिनं जवस मागितले. घरी येऊन मंद आचेवर भाजले, गुळात वळले, आणि पहिला लाडू सुनेपुढं धरला.

"ठेवा तिथं," लेकराला पदराआड घेत ऋतुजा म्हणाली.

शिवकांतानं तो डब्याच्या झाकणावर ठेवला. स्वतः मात्र खाल्ला नाही.