टिलव्याने दाखवलेलं पाणी

उना उना टिलवा, चाले वाळूवर दुडदुड,
जठे घाले चोच, तठे पानी लागे गोड...

आईचा हा आवाज निंबाच्या कानात पन्नास वर्षं मुक्कामाला होता. दिवाळी सरली आणि तापीचं पाणी ओसरलं की त्याची आई, भागीरथी, पात्रात डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेलांसाठी चर खणायची, खणता खणता गायची. आवाज घोगरा, गळ्यात वाळू अडकल्यासारखा, पण पैलतीरी ऐकू जायचा. पाण्याच्या कडेला टिलवे, चिमणीएवढे पक्षी, पळत असायचे. करडी पाठ, पांढरं पोट, काळे पाय, आणि चोच अशी की शिवणयंत्राची सुई चिखलात टीप घालतेय. ते जिथे रेंगाळत तिथून चार पावलं वर सरकून भागीरथी हातांनी वाळू उकरायची. कोपरभर खोल गेलं की पाणी पाझरायचं, आधी गढूळ, मग काचेसारखं. तो झिरा. पहिली ओंजळ लेकराची, दुसरी तिची.

"त्यासले समजस, निंबा," ती म्हणायची. "इतलं लांबून येतस, वंगाळ पानी पितीन का?"

पुढे गावाखाली नदीवर मोठा बंधारा, बॅरेज झालं आणि वाळू पाण्यात गेली. डांगरं गेली, झिरे गेले, काही वर्षांनी आईही गेली. निंबा नदीच्या मागे मागे सुरतेला आला. तीस वर्षं त्याने एका रंगाईच्या कारखान्यात हौदांवर काढली. नखांच्या मुळाशी रंग बसला तो अजून निघत नव्हता, आणि नाक तर पार मेलं होतं. उकळत्या डाळीचा वास त्याला येत नसे. सुवर्णा, त्याची सून, चिडवायची, "आबा, घर जळलं तरी तुम्ही म्हणाल, भाजी झाली का?"

आता तो सुरतेतच, बमरोलीत, मुलाच्या खोलीत राहत होता. मुलगा दीपक कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर, सुवर्णा घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची, आणि सहा वर्षांची प्रिया, जिला सगळे पिऊ म्हणत, ती आबाच्या ताब्यात. म्हातारा आणि पोर सकाळी फिरायला निघत. कुठे, ते घरात कुणी फारसं विचारत नसे. दीपकने एकदाच बजावलं होतं, "आबा, पोरगीले खाडीवर लई जावानं नही. घाण शे तठे."

पण यंदा मार्गशीर्षात निंबाला चाळीमागच्या खाडीवर टिलवे दिसले होते.

आधी त्याचा विश्वासच बसला नाही. खाडीचं पाणी सोमवारी जांभळं तर गुरुवारी तांबडं. काठावर पुराने आणून टाकलेली रेती, तिच्यात अडकलेल्या चिंध्या, आणि त्या चिंध्यांमधून तीच दुडदुड. तीच सुई, तीच टीप. निंबा मटकन खाली बसला. गावाकडचं कुणी न कळवता दारात उभं राहावं तसं त्याला झालं.

जानेवारीत चाळीच्या बोअरची मोटर जळली आणि टँकर सुरू झाला. टँकरचं पाणी पिऊ तोंडात धरायची आणि थुंकायची. "औषधाचा वास येतो!" दोन दिवस पोर सुकलेल्या ओठांनी हिंडली. तिसऱ्या दिवशी निंबाने तिला खाडीवर नेलं, टिलवे दाखवले आणि ते रेंगाळत होते तिथून चार पावलं वर सरकून रेती उकरली. कोपरभर खाली पाणी आलं. आधी गढूळ, मग काचेसारखं. त्याच्या डोळ्यांतही आलं. त्याने पहिली ओंजळ लेकराला दिली.

"गोड आहे!" पिऊ म्हणाली.

"मग? माझ्या आईने शिकवलंय."

त्या दिवसापासून पिऊची लाल बाटली झिऱ्यावर भरू लागली. आणि दोघांचा करार ठरला.

"मम्मीने विचारलं तर काय सांगशील?"

"टँकरचं पाणी."

"डॅडीने विचारलं तर?"

"टँकरचं पाणी."

"आणि देवाने विचारलं तर?"

पिऊने विचार केला. "तो गुजराती बोलतो का?"

"सुरतेचा आहे, म्हणजे बोलत असणार."

"मग त्याला सांगेन, टँकरनुं पाणी!"

म्हातारा इतका हसला की टिलव्यांचा थवा उडाला, हवेतच एकदम वळला, पांढरा होऊन लखलखला आणि पुन्हा त्याच जागी उतरला.

आठ-दहा दिवस असे गेले. रविवारी सकाळी ती दोघं पोहोचली तेव्हा काठावर एक बाई तिपाईवर दुर्बीण लावून उभी होती. पायात गमबूट, हातात वही. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत ती विज्ञान शिकवायची. नूतनबेन म्हणत तिला. दर जानेवारीत ती खाडीवरचे पाणपक्षी मोजायला यायची.

पिऊ आधी झिऱ्याकडे पळाली. बाटली भरून, पिऊन, तोंड वाकडं करत आली. "आबा, आज पाण्याला बुटाच्या पॉलिशचा वास येतोय."

निंबाने ओंजळ नाकाशी धरली. त्याला कशाचाच वास आला नाही. दोन घोट घेतले. "बाटलीचा असेल. नवं प्लास्टिक आहे." समोर टिलवे चरत होते, नेहमीपेक्षा जास्तच. आणखी काय पुरावा पाहिजे?

नूतनबेनने पिऊला दुर्बिणीशी उचलून धरलं. "दिसला का?"

"दिसला! ह्याने पाय धुतले नाहीत!"

"धुवायला वेळ कुठे त्याला? सैबेरियातून आलाय. बर्फाच्या देशातून."

"किती लांब?" निंबाने विचारलं.

"सहा-सात हजार किलोमीटर तरी. आणि वजन किती माहितीय काका? पंचवीस ग्रॅम. चहाची सगळ्यात लहान पुडी घेतो ना आपण, तेवढं."

निंबाने तळहात पुढे करून त्यावर ती पुडी ठेवून पाहिली.

नूतनबेन सांगत गेली. तिथे उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. तेवढ्यात गवताच्या खोलगट जागेत चार अंडी घालायची. पिल्लू अंड्यातून निघालं की त्याच दिवशी पायांवर उभं राहून आपलं आपण खातं. आणि पिल्लांना नीट उडता येऊ लागेतो मोठे टिलवे परतीला लागलेले असतात.

"मग पिल्लांना वाट कोण दाखवतं?"

"कुणी नाही. एकटी येतात. वाट पोटातच घेऊन जन्मतात."

निंबाला भरून आलं. इतकी वर्षं आपण ओळखत होतो तो पाहुणा केवढा मोठा होता! त्याला आता आईबद्दल कुणालातरी सांगायचंच होतं. झिऱ्याचं नाव न काढता त्याने ते गाणं म्हणून दाखवलं. त्याचा आवाजही घोगराच होता.

नूतनबेनने ते वहीत उतरवून घेतलं. "किती सुंदर! तिथे खरंही असेल हो. नदीची वाळू, वाहतं पाणी..." तिने काडीने चिखल उकरला. आत लाल, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळल्या. "इथलं मात्र उलटं आहे, काका. हे बघा, ह्याच्यासाठी येतात ते. गाळ जितका सडका, तितक्या ह्या जास्त. ज्या चिखलात हवेचा कण नसतो तिथेही ह्या जगतात, म्हणून तर अशा लाल. टिलव्याला अळीशी मतलब. पाणी गोड का विषारी, त्याला काय कळतंय?"

"मग... ते मरत नाहीत?"

"मरतात ना. परवा त्या वळणावर अकरा उचलले मी. रात्रीतून कुणीतरी काहीतरी सोडतं. कोण ते कळत नाही."

मागे बाटलीचं झाकण वाजलं. पिऊ पीत होती. निंबाने वळून तिच्या हातातून बाटली ओढून घेतली.

"अजून पाहिजे मला!"

"पुरे आता."

त्याने पायाने रेती लोटून झिरा बुजवला. नूतनबेन दुर्बिणीत बघत मोजत होती. तिने पाहिलं नाही. बाटली त्याने पिशवीत घातली आणि पोरीला कडेवर घेऊन तो भरभर घरी आला. वाटेत त्याचं डोकं जड झालं होतं. उन्हाचं असेल, तो स्वतःला म्हणाला.

दुपारी सुवर्णा निळ्या साडीवर खडे लावत बसली होती आणि पिऊ तिच्याशेजारी गठ्ठ्यावर निजली होती. निंबाची नजर गेली. पोरीचे ओठ निळे दिसत होते. साडीचा उजेड पडलाय, त्याला वाटलं. त्याने साडीचा घोळ उचलून दूर केला.

ओठ निळेच होते. नखंसुद्धा.

हा निळा तो ओळखत होता. कारखान्यात मगन नावाचा कामगार एकदा रसायनाच्या पिंपापाशी असाच कोसळला होता, ओठ जांभळासारखे. जुने कामगार म्हणाले होते, निळी चढली. मगनला रिक्षात घातलं तेव्हा त्याच्या कपड्यांना पॉलिशचा वास येत होता असं कुणीसं म्हणालं होतं. निंबाचं नाक तेव्हाही मेलेलंच होतं.

"सुवर्णा," तो ओरडला, "पोरगी बघ!"

रिक्षात पिऊचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तिची छाती भात्यासारखी चालत होती. सुवर्णा तिचे तळवे चोळत होती, "काय खाल्लंस गं, सांग ना, काय खाल्लंस?" निंबाने तोंड उघडलं. दवाखाना आला की सांगू, त्याने ठरवलं. दवाखाना आला. केसपेपर काढून झाला की सांगू. केसपेपर झाला. ऑक्सिजन लावला, आता बरी होईल, मग सांगायची गरजच काय? मी पण तर प्यालो दोन घोट. मी आहे ना उभा?

ऑक्सिजन लावून अर्धा तास झाला तरी ओठ निळेच राहिले.

दीपक कडोदऱ्याहून आला तो अंगावर लूमचा कापूस घेऊनच. त्याने पोरीकडे पाहिलं आणि बायकोवर धावला. "टँकरचं पाणी उकळून देत होतीस का? की खडे चिकटवण्यात टाइम नव्हता?"

"उकळत होते हो! रोज उकळत होते!"

"मग ही अशी कशी झाली? तू घरात असतेस ना दिवसभर? का तो खड्यांचा गोंद चाटला तिने?"

सुवर्णा आपल्या हातांकडे पाहू लागली. बोटांवर गोंदाचे पापुद्रे होते. "गोंद..." ती पुटपुटली. "डबा उघडा होता का माझा? आबा, डबा उघडा होता का? तुम्ही तिथेच होता ना?" तिचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. जे केलंच नव्हतं ते तिला आठवायला लागलं होतं. निंबाने मान दुसरीकडे वळवली. पिशवी त्याच्या काखेत होती आणि आत बाटली डुचमळत होती.

तरुण डॉक्टरीण सिरिंज घेऊन आली. पिऊचं रक्त काढलं आणि उजेडाला धरलं. लाल नव्हतं ते. चॉकलेटी, मातकट.

"फेफड़े साफ हैं, दिल ठीक है," ती घाईत म्हणाली. "किसी केमिकल से होता है ऐसा। पर कौन सा? गोंद का डिब्बा मँगवाया है, पर मुझे नहीं लगता। इसकी दवा है हमारे पास, लेकिन अंदाज़े से नहीं दे सकती, उल्टा भी पड़ सकता है। टाइम बहुत कम है। घर में कोई कुछ जानता है?"

दीपकने मान हलवली. सुवर्णा रडत होती. निंबा भिंतीला टेकला होता. सांगितलं तर मुलगा पुन्हा तोंड बघणार नाही. ही पोर, वाचली तरी, पुन्हा आपल्या हातात देणार नाही. गावाला धाडतील, आणि तिथली वाळू तर पाण्याखाली. आणि आई? पन्नास वर्षांचं ते गाणं? सांगायचं म्हणजे तिच्याही तोंडात विष होतं असं म्हणायचं.

डॉक्टरीण पिऊवर वाकली. तिने मास्क जरा बाजूला केला आणि गालावर हलकी चापट मारली. "बेटा, आँखें खोल. गुजराती आवडे छे? सवारे शुं पीधुं हतुं? मने कहे, डाही दीकरी." सकाळी काय प्यालीस, एवढंच तिला हवं होतं.

पिऊने डोळे उघडले. तिने डॉक्टरणीकडे पाहिलं नाही. आईबापाच्या मधून तिची नजर फिरत फिरत भिंतीशी आली, आबावर थांबली. त्या नजरेत भीती नव्हती, तक्रार नव्हती. करार होता. निळे ओठ हलले.

"टँकरनुं... पाणी."

आणि शाबासकीची वाट पाहावी तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पापण्या मिटल्या.

निंबाने पिशवीत हात घातला. लाल बाटली डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवली. तळाशी थोडं पाणी उरलं होतं, काचेसारखं.

"पोरगी खोटं बोलस, डॉक्टरबाई," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण सगळ्या वॉर्डात ऐकू गेला. "मीच शिकवलं तिला. गोंद नाही, टँकर नाही. सुवर्णा, तुझी काही चूक नाही. दीपक, मी नेलं हिला खाडीवर. रेतीत झिरा खणला आणि रोज हिला ते पाणी पाजलं. आज त्याला पॉलिशचा वास होता, ही म्हणाली मला. मी म्हटलं, प्लास्टिकचा असेल. आमच्या कारखान्यात एकाला असंच झालं होतं. हिचे ओठ बघितले तेव्हाच मला कळलं होतं."